निधनाचा रकाना

आमच्या गावच्या स्मारकाचा दगड आबुधाबीला, मुसाफ्फातल्या एका यार्डात कोरला गेला आणि त्यावरच्या नावांची यादी मी टाइप केली. यातली दुसरी गोष्ट मी कित्येक वर्षं कोणाला सांगितली नाही. कोणी विचारलं, "दगड तुम्हीच पाठवलात ना गल्फमधून?" की "हो, आम्ही मंडळींनी मिळून" म्हणायचो आणि विषय बदलायचो. पाठवायला मंडळी होती हे खरं आहे. टाइप करायला मी एकटा होतो.

गाव साताऱ्याकडचं. एक बाजारपेठ, एक एसटी स्टँड, दोन हायस्कुलं आणि घरटी एक फौजी. आमच्याकडे पोरगं दहावीला नापास झालं तर कोणी फार मनाला लावून घेत नसे, पण भरतीत छाती कमी भरली म्हटल्यावर घरात सुतक पडायचं. माझी छाती दोनदा कमी भरली. मग मी पुण्याला डिप्लोमा केला आणि आबुधाबीत इमारतींना दगड लावणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर झालो. म्हणजे कुठलंही ड्रॉइंग चुकीच्या आकड्यानिशी साइटवर जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. दुसऱ्याच्या चुका पकडायचा मला पगार मिळत होता आणि मी त्यात तरबेज होतो, चांगलाच खडूसही होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात हवालदार होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. आई गेल्यापासून ते हिवाळ्यात आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर यायचे. २००८ च्या शेवटी आले तेव्हा आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचा तुकडा भाड्याने घेऊन राहत होतो. मी, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. अण्णांनी बॅगेतून आधी मेतकूट काढलं आणि मग लाल कापडी बांधणीची वही काढली. गावात स्मारक होणार होतं. बासष्ट आणि पासष्ट या दोन्ही लढायांना गेलेल्या माणसांची नावं, पलटण आणि हुद्दा त्या वहीत होता. एकतीस माणसं. त्यातली पाच अजून जिवंत होती आणि त्या पाचांत अण्णा एक.

जिवंतांची नावं कोरायची की नाही यावरून गावात वर्षभर भांडण चाललं होतं. ते मिटवलं अण्णांनीच. "मेल्यावरच नाव लिहिणार असाल तर जित्याजागत्या माणसाला सॅल्यूट कधी करणार?" असं सभेत विचारून ते खाली बसले म्हणे. मग ठरलं की सगळ्यांची नावं कोरायची, शेवटी 'निधन' असा एक रकाना ठेवायचा आणि जिवंतांपुढे तो रिकामा सोडायचा. ज्याची त्याची वेळ आली की गावचा मिस्त्री साल कोरेल. मला ती कल्पना ऐकूनच कसंतरी झालं, पण फौजी माणसांना अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

त्या हिवाळ्यात मंदी आली आणि आमच्या ऑफिसात फोनची भीती बसली. दर गुरुवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी एचआरमधून फोन यायचा. ज्याच्या टेबलावर वाजला तो उठायचा, शर्ट नीट खोचायचा आणि आत जायचा. बाहेर आला की रिकामा खोका मागायचा. खिडकीतून दिसणाऱ्या तीन क्रेन एका रविवारी जशा थांबल्या त्या थांबल्याच. विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या सोडून जातायत, किल्ली आतच, असं सगळे कुजबुजत सांगायचे. मी एकदा कोणाला तरी सोडायला गेलो तेव्हा एक गाडी बघितली. काचेवर धुळीचा इतका थर होता की आत काही दिसत नव्हतं.

आमच्या कंपनीने एका हॉटेलच्या लॉबीसाठी काळा ग्रॅनाइट मागवला होता. हॉटेल रद्द झालं, दगड यार्डात पडून राहिला. मी भीत भीत मॅनेजरला विचारलं, गावाच्या स्मारकासाठी दोन मोठ्या लाद्या मिळतील का. तो हात झटकून म्हणाला, "हबीबी, टेक इट. खलास." तो दगड मुळात दक्षिण भारतातल्या खाणीतला. जहाजाने इकडे आला होता, आता जहाजाने परत जाणार होता. आमच्यातली बरीच माणसंही त्याच वर्षी तशीच परत गेली.

यादी मी घरी टाइप केली. अण्णांनी प्रिंट घेऊन, भिंग लावून, एकेक नाव वहीशी ताडून पाहिलं. एका नाईकाची पलटण चुकली होती ती पकडली. "आता बरोबर," म्हणून त्यांनी खाली तारखेसह सही केली. तेव्हा शेवटच्या पाच नावांपुढे निधनाचा रकाना कोरा होता. हे मला शपथेवर आठवतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात फाइल उघडली तर शेवटच्या पाच ओळींत निधनाच्या रकान्याला चौकटी नव्हत्या. रेषा नसल्या तर यार्डातला कटर गोंधळणार. रोज पन्नास वेळा करतो तसं मी त्याच रकान्यातले वरचे दोन चौकोन निवडले आणि पाच ओळी खाली ओढले, म्हणजे चौकट आपोआप खाली येते. त्या दोन चौकोनांत शेवटच्या दोन मयतांची सालं होती, २००७ आणि २००८. एक्सेलला वाटलं, आकडे पुढे चालवायचेत. त्याने इमानेइतबारे चालवले.

मी ते बघणार, एवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी सेव्ह केलं, पीडीएफ केली, सवयीने तिच्यावर आमचा 'अप्रूव्ह्ड' शिक्काही मारला, यार्डाला पाठवली, शर्ट खोचला आणि गेलो. एचआरला मी नको होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या केरळी सहकाऱ्याचा फोन लागत नव्हता, त्याला पाठवा म्हणाले. मी परत येऊन त्याला सांगितलं. त्याने उठून शर्ट खोचला. दुपारभर मी त्याची पुस्तकं खोक्यात भरत राहिलो आणि यादी डोक्यातून साफ गेली.

त्या संध्याकाळी अण्णांना ही सगळी हकिकत सांगितली. सहकाऱ्याला निदान पासपोर्ट तरी लगेच परत मिळाला, असं मी म्हणालो तेव्हा ते चमकले.

"म्हणजे तुमचे पासपोर्ट कंपनीकडं असतात?"

"तिजोरीत. सगळ्यांचेच. इथे पद्धतच आहे."

"माणसाला जायचं असंल तर?"

"मॅनेजरला विचारायचं."

"कैद्याला आणि हमालाला असं ठेवतात," अण्णा म्हणाले. "आणि तू गप बसतोस?" मी चिडून म्हणालो की तो मॅनेजर नीच आहे, पण करणार काय. हे संभाषण पुढे मला चांगलंच महाग पडलं.

शनिवारी आम्ही यार्डात गेलो. कोरायचं काम एका पाकिस्तानी फोरमनकडे होतं. पन्नाशीचा, मेंदीने रंगवलेली दाढी, कामाचा सच्चा. त्याला आमची लिपी वाचता येत नव्हती, तो आकार बघून कापत होता. अर्ध्या दगडावर अजून रबराचं शीट चिकटलेलं होतं, सालांची बाजू सगळी झाकलेली. अण्णांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"बाबाजी, ये सब शहीद हैं?" त्याने विचारलं.

"नहीं, कुछ लढाई में गये, कुछ घर में. पाँच अभी जिंदा हैं. ये मैं हूँ."

फोरमनने हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "जिंदा आदमी का नाम पत्थर पे नहीं लिखते, बाबाजी. पत्थर इंतजार करता है."

अण्णा हसले. "फौजी का नाम भरती के दिन ही लिख जाता है." त्यानेही मान हलवली आणि म्हणाला की त्याच्या गावातही असाच एक दगड आहे. कुठल्या लढाईतला ते अण्णांनी विचारलं नाही. त्याने चहा मागवला, आम्ही तिघांनी धुळीत उभ्या उभ्या प्यायला.

दगड जबल अली बंदरातून एका कंटेनरमध्ये मुंबईला गेला आणि मे महिन्यात गावात पोचला. अण्णा त्याआधीच परतले होते. पेटी उघडली त्या सकाळी मला ऑफिसात फोन आला. स्मारक समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार, पाचांतले सगळ्यांत वडील.

"काय रे पोरा, आमची तिकिटं काढलीस का?" ते हसत होते. "माझं दोन हजार नऊ. म्हणजे याच वर्षी का? ड्रायव्हरचं दहा, पैलवानाचं अकरा, तुझ्या बापाचं बारा आणि वायरलेसवाल्याचं तेरा. रांगेत लावलंस आम्हाला!"

मी फाइल उघडली. होतं सगळं. काळ्या चौकटीत, माझ्या शिक्क्याखाली. माफी मागायला लागलो तर सुभेदार म्हणाले, "अरे, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. आम्हा पाचजणांचं वाढवलंस." अण्णांनीही फोनवर तेच सांगितलं. मिस्त्रीने त्या पाच सालांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरली, वर काळा रंग दिला, आणि पंधरा ऑगस्टला स्मारक उघडलं. पाचजण पदकं लावून दगडापुढे ओळीत उभे असल्याचा फोटो आला. वायरलेसवाले काका अण्णांच्या खांद्याला खांदा लावून होते. दोघं एका वर्गातले, एका गल्लीतले, एकाच दिवशी भरती झालेले. तो फोटो बघून मला हायसं वाटलं.

दिवाळीत सुभेदार गेले. झोपेत, ऐंशीच्या घरातले. कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात लांबी निघाली. पाचही सालं पुन्हा दिसायला लागली, पहिलं तर आता खरंच होतं. गावात कुजबुज सुरू झाली. दगड बदला असं काहीजण म्हणाले, पण उद्घाटन झालेला दगड बदलायचा म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा भांडण. डिसेंबरात ड्रायव्हर काका गेले. वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते.

मी अण्णांना फोन केला. माझा आवाज त्यांना कळला असणार. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ," ते म्हणाले. "पंच्याहत्तरीच्या पुढची माणसं आम्ही. तू कुठलंही साल टाकलं असतंस तरी आज ना उद्या जुळलंच असतं." बरोबर होतं. मी बायकोला ते हिशोबाने समजावूनही सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोयस? स्वतःलाच सांगतोयस तू."

पैलवान काका मात्र चिडले. मिस्त्री पुन्हा लांबी घेऊन आला तर त्यांनी त्याला हाकललं. "राहू दे माझं साल तसंच. एक जानेवारीला त्याच्यापुढं दंड थोपटून उभा राहणार आहे." जून महिन्यात विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत. २०११.

मी कधी राहुकाळ पाहिलेला माणूस नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला शिव्या देतो. पण त्या जूनमध्ये माझ्यातलं काहीतरी मोडलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्या पाठीवर येऊन बसला. मी कोणाला न सांगता फोनवरून नाशिकच्या एका गुरुजींकडे जप लावला. आणि अण्णांचं बारा साल लागायच्या आत, डिसेंबरात, त्यांना बोलावून घेतलं. या वेळी व्हिजिटवर नाही, माझ्या स्पॉन्सरशिपवर रेसिडन्स व्हिसा काढून. "गुडघ्यांची ट्रीटमेंट करून घेऊ," असं सांगितलं. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसून आला तो मी ऑफिसात नेला आणि ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला.

आम्ही तेव्हा अल रीम आयलंडवर राहायला गेलो होतो. मंदीनंतर भाडी उतरली होती म्हणून आमच्यासारख्यांना तिथे घर मिळालं. सतरावा मजला. आमच्या टॉवरमध्ये निम्मी घरं रिकामी होती आणि समोर अर्धवट राहिलेल्या तीन इमारती होत्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून त्या इमारतींकडे बघत बसायचे. पूल बांधलेला माणूस तो, पहिल्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की मधल्या इमारतीचा सांगाडा उघडाच राहिला तर गंजून जाईल. नंतर काही सांगेनासे झाले.

त्या वर्षी मी काय काय केलं ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. गॅलरीला जाळी बसवली. बाथरूममध्ये रबराच्या चटया टाकल्या. एकट्याने लिफ्टमध्ये जायचं नाही, रस्ता ओलांडायचा नाही, समुद्राच्या कडेला फिरायला माझ्याबरोबरच, तेही फक्त शुक्रवारी. तळलेलं बंद. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला. अण्णा रांगेतल्या शिपायासारखे सगळं ऐकायचे.

दर रविवारी सकाळी वायरलेसवाल्या काकांचा फोन यायचा. मी ऑफिसात असायचो, बायको सांगायची. दोघं तासभर बोलायचे, गावातल्या बातम्या, पेन्शनीच्या रांगेतल्या गमती. काका दर वेळी एकच विचारायचे, "कधी येतोस?" आता आपण दोघंच उरलोय, सव्वीस जानेवारीला मी एकटाच उभा होतो दगडापुढं, बरं दिसत नाही, असं ते म्हणायचे.

एप्रिलमध्ये अण्णांनी मला विचारलं. मी म्हणालो, फिजिओथेरपी अर्धवट आहे. जुलैत विचारलं.

"पंधरा ऑगस्टला जाऊन येतो. चार दिवसांत परत. त्याला शब्द दिलाय."

"रमझान आहे अण्णा, फ्लाइटं फुल असतात."

"पासपोर्ट कुठं आहे माझा?"

"ऑफिसात. सेफ आहे."

अण्णा खुर्चीतून उठले. "त्या तुझ्या मॅनेजरला काय म्हणाला होतास रे तू?" असं विचारून ते गॅलरीत गेले. मुलगी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती, सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. "बाबा, धिस इज सो नॉट ओके," ती म्हणाली. मी तिच्यावर असा ओरडलो की ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी उठलो तर अण्णा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, त्यावर पदकं लावून हॉलमध्ये उभे होते. बूट चकचकीत. गावात ध्वजवंदन किती वाजता होतं ते त्यांना माहीत होतं. ती वेळ झाली तशी त्यांनी गॅलरीकडे तोंड करून, त्या रिकाम्या इमारतींकडे बघत, सॅल्यूट ठोकला. मग पदकं काढून रुमालात बांधली. बायको स्वयंपाकघरात रडत होती. मी ऑफिसला गेलो.

मी दिवस मोजत होतो. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरात मला वाटायला लागलं की जमलं, आता थोडंच राहिलं, इन्शाल्ला. मी हा शब्द मनातल्या मनातही म्हणायला लागलो होतो.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी मोबाइल वाजला. वायरलेसवाल्या काकांचा पुतण्या होता. काका दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालंय, डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणतात. "दादा, ते सारखं अण्णांचं नाव घेतायत. घेऊन या ना त्यांना. विमानाला तीन तास तर लागतात."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याशी होता आणि किल्ली खिशात. त्याच दिवशी संध्याकाळचं पुण्याचं नाहीतर मुंबईचं तिकीट मिळालं असतं. मी डोळ्यांसमोर घाट बघितला, रात्रीची जीप बघितली, ट्रक बघितला, दवाखान्याच्या पायऱ्या बघितल्या. वर्ष संपायला सहा आठवडे होते. आणि मला वाटलं, काकांचं साल तर तेरा आहे. काकांना काही होणार नाही, दगडावर तसं लिहिलंय. हे खरोखर माझ्या मनात आलं. मीच चुकून ओढलेल्या आकड्यावर मी देवाच्या शब्दासारखा विश्वास ठेवला.

"बघतो," मी पुतण्याला म्हणालो. घरी काही बोललो नाही. गुरुवारी त्याने दोनदा फोन केला, मी उचलला नाही.

शुक्रवारी पहाटे काका गेले.

अण्णांना मी शनिवारी सांगितलं. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "कधी कळलं तुला?"

"आत्ताच. सकाळी."

रविवारी सकाळी फोनच्या वेळी अण्णा फोनशेजारी जाऊन बसले, तासभर. मग उठून खोलीत गेले. त्यानंतर उरलेलं वर्ष ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाणी, औषध, दिवा बंद कर. एकतीस डिसेंबरला समुद्राच्या बाजूला आतषबाजी होती. ते आठ वाजताच झोपले होते. मी बारा वाजता त्यांच्या दाराशी जाऊन श्वास ऐकला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. मी जिंकलो होतो.

जानेवारीत मी स्वतः त्यांना घेऊन गावी गेलो. सव्वीस तारखेच्या दोन दिवस आधी. घरी बॅगा टाकल्या आणि ते सरळ स्मारकाकडे निघाले. मी पाठोपाठ. वायरलेसवाल्या काकांचा पुतण्या तिथे मिस्त्रीला घेऊन आलाच होता. ध्वजवंदनाआधी दगडावरचं साल दुरुस्त करायचं होतं, तेराचं बारा. मिस्त्री पाट्यावर छिन्नी घासत होता.

पुतण्याने अण्णांच्या पायाला हात लावला. मग माझ्याकडे वळून, रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाला, "दादा, बुधवारीच फोन केला होता मी तुम्हाला. गुरुवारी दोनदा केला. काका शुक्रवारपर्यंत वाट बघत होते."

मला वाटलं जमीन दुभंगावी. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते दगडाकडे बघत होते. खालच्या पाच ओळींतली तीन सालं खरी झालेली, चौथं त्यांचं आणि पाचवं आता मोडायचं असलेलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून मित्राच्या नावावरची धूळ पुसली.

मिस्त्रीने तेराच्या तिनावर लांबी भरली आणि ती वाळेपर्यंत वरच्या ओळीकडे हात केला. "अण्णा, तुमचं साल पण भरून टाकतो. दोन हजार बारा गेलं, देवाच्या कृपेनं तुम्ही उभे आहात. सपाट करून टाकू, कळणार पण नाही कुणाला."

"माझं राहू दे," अण्णा म्हणाले.

"आहो, पण तुम्ही तर..."

"बरोबर आहे ते," अण्णा म्हणाले. "त्या साली मी नव्हतोच."

मिस्त्रीला काही समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. सव्वीस तारखेला अण्णा पदकं लावून दगडापुढे एकटेच उभे राहिले, उजव्या खांद्याशी एका माणसाची जागा सोडून. मी मागे गर्दीत होतो. त्यांचा पासपोर्ट मी त्यांच्या उशाखाली ठेवून आलो. ते परत आबुधाबीला कधी आले नाहीत.

अण्णा त्यानंतर पाच वर्षं जगले, गावातच, आपल्या खोलीत. फोन केला की बोलायचे, नातीची चौकशी करायचे, कधी कधी हसायचेही. माफी मागायचं धाडस मला झालं नाही, आणि मी ती मागावी असं ते कधी म्हणाले नाहीत. ते गेले तेव्हा मी पंधरा दिवस गावी होतो. अकराव्या दिवशी समितीची माणसं घरी आली आणि विचारलं, दगडावरचं साल बदलायचं का, मिस्त्रीला बोलवायचं का. मी नको म्हणालो.